मगदूम बाईंची मंडळी

मगदूम बाईंची आणि माझी पहिली भेट फोनवर झाली, आणि तीही बोलणी खायला. रहिमतपुरात मी लहान मुलांचा दवाखाना नुकताच थाटला होता. जुलाब लागलेल्या एका पोराच्या शौचाचा नमुना सांगलीला तपासायला पाठवायचा होता. त्याच्या आईने तो घरातल्या बरणीतून आणून दिला. मी वर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि सांगलीला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाच्या हातात बरणी दिली. दुपारी फोन वाजला.

"डॉक्टर, लोणचं पोचलं. कैरीचं आहे, मोहरी जरा जास्त पडलीय. आता नमुना कधी पाठवतोस?"

बरणीच्या काठाला मसाला राहिला होता, तो मी पाहिलाच नव्हता. मिठात नि मोहरीत कुठला जंतू जिवंत राहणार, हे त्यांनी मला पहिल्या वर्गातल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांच्याकडून निर्जंतुक डब्यांचं एक खोकं आलं. प्रत्येक डबीवर बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'लोणच्यासाठी वापरू नये.' माझ्या कंपाउंडरने ती सूचना इतकी मनावर घेतली, की येईल त्या आईला तो ती मोठ्याने वाचून दाखवायचा.

बाई सांगलीतल्या एका रुग्णालयात सूक्ष्मजीव विभागाच्या प्रमुख होत्या. राहायला माधवनगरला. वडिलांचं तिथे गिरण्यांच्या काळात सुताचं दुकान होतं. घर जैन, कांदा-लसूणही न चालणारं. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सुती साडीवर पांढरा कोट, आणि चष्मा कायम डोक्यावर चढवलेला. तो शोधण्यात त्यांचा दिवसातला बराच वेळ जाई आणि सांगायची हिंमत कुणाला होत नसे. स्कूटरवरून यायच्या. आमच्या सांगलीकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असं बोलतात, तशाच बाईही बोलायच्या. पुण्याहून आलेल्या एका तरुण डॉक्टरणीने त्यांना त्याबद्दल हसून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं व्याकरण तू तपास, तुझ्या पेशंटचं रक्त मी तपासतो."

बाई थाळी वाचायच्या ते पाहण्यासाठी मी मुद्दाम सांगलीला जात असे. रोग्याच्या अंगातले जंतू एका चपट्या काचेच्या थाळीत वाढवायचे, आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या इवल्या चकत्या ठेवायच्या. रात्र गेली की जंतूंचा पांढुरका थर थाळीभर पसरतो. ज्या चकतीचं औषध लागू पडतं, तिच्याभोवती थर उगवत नाही, स्वच्छ रिकामं कडं राहतं. जिथे लागू पडत नाही तिथे जंतू चकतीला अगदी खेटून उगवतात. हे काम आता यंत्रंही करतात, आणि बाईंच्याकडे यंत्र होतंच. पण यंत्राचा कागद हातात आला तरी त्या थाळी उचलून खिडकीशी जायच्या, चष्मा शोधायच्या आणि उजेडात धरून बघत राहायच्या. त्या वेळी खोलीत कुणी बोलत नसे.

जंतूंना त्या जंतू म्हणत नसत. मंडळी म्हणत. "आज मंडळी खुशीत आहेत." "ही मंडळी कऱ्हाडच्या त्या लग्नातल्या जेवणातली दिसतात." वापरून झालेल्या थाळ्या वाफेच्या मोठ्या भांड्यात घालून निर्जीव करायच्या असतात. ते भांडं बंद करण्याआधी बाई क्षणभर हात जोडायच्या. मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाल्या, "घरातली माणसं पाणी गाळून पितात, जीव मरू नये म्हणून. आणि मी रोज इथं कोट्यवधी मारतो. निदान माफी तरी मागावी की." त्यात विनोद नव्हता. मी हसलो नाही, एवढं शहाणपण तोवर आलं होतं.

माणसांवर मात्र त्यांचा असा काही लोभ दिसायचा नाही. माधवनगरच्या एका औषधांच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर उभा होतो. पुढच्या माणसाने एका जोरदार औषधाच्या चार गोळ्या मागितल्या, सुट्या, चिठ्ठीशिवाय. पोराचं पोट बिघडलं होतं.

"चारच का?" बाईंनी मागून विचारलं.

तो माणूस दचकला. "बरं वाटतंय हो चारात."

"कुणाला? पोराला की मंडळींना?"

त्याला काय कळणार! पण बाईंनी त्याला तिथेच कट्ट्यावर बसवला. अर्धवट मार खाल्लेले जंतू मरत नाहीत, शिकतात, आणि शिकलेलं एकमेकांना शिकवतात, हे सांगितलं. बहुतेक पोरांचे जुलाब मीठ-साखरेच्या पाण्याने आणि थोड्या धीराने थांबतात, हेही सांगितलं. दुकानदार गिऱ्हाईक गेलं म्हणून कपाळाला आठ्या घालून उभा. शेवटी तो माणूस पाण्यात घालायच्या पुड्या घेऊन गेला आणि बाई दुकानदाराला म्हणाल्या, "तुझी नातवंडं आजारी पडतील तेव्हा ह्या गोळ्या चालायला पाहिजेत ना? मग तुझ्यासाठीच भांडतो मी."

ईश्वरीला मी बाईंच्याकडे घेऊन गेलो तेव्हा मात्र हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही.

ईश्वरी वडूजकडच्या एका गावातली, तिसरीत शिकणारी. तिचे आजोबा सैन्यातून सुभेदार होऊन परतले होते आणि गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं. माळाच्या कोरड्या रानात दुसरं काही पिकत नाही म्हणून त्यांनी अंड्यांच्या कोंबड्यांची शेड टाकली होती आणि शिस्तीने चालवली होती. नातीला पैलवान करायचं हा त्यांचा ध्यास. रोज पहाटे तिला तालमीत सोडायचे. पोरगी जुलाब आणि तापाने माझ्याकडे आली, तेव्हा ते ताठ उभं राहून म्हणाले, "डॉक्टर, पैलवान हाय ती. जुलाबानं पडणारी न्हाई."

पण पडली. जुलाब थांबले आणि ताप मात्र हटेना. गावातल्या कुणीतरी आधीच दोन औषधं देऊन ठेवली होती. मी दिलेलंही चालेना. तिचे डोळे खोल गेले, बोलणं बंद झालं, आणि हाताला नाडी नीट लागेना तेव्हा मी तिला गाडीत घालून सांगलीला नेलं. सुभेदार मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत ते एकदाच बोलले. "लय भारी औषध असंल ते द्या. मिलिटरीत असत्यात तसली."

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारी औषध सुरू केलं. ताप तसाच. तिच्या रक्तात वाढलेले जंतू बाईंच्या थाळीत गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला, 'बघायला ये.'

मी गेलो तेव्हा बाई खिडकीशी उभ्या होत्या. थाळी माझ्यापुढे धरली. एकेका चकतीला जंतू बिलगून उगवले होते. वर वॉर्डात चालू असलेल्या भारी औषधाच्या चकतीच्या तर त्यांनी कडाही पांढऱ्या केल्या होत्या. मी आयुष्यात पुष्कळ आजारी मुलं पाहिली होती, पण माझ्या हातातली एवढी औषधं एका वेळी निकामी झालेली कधी पाहिली नव्हती.

"कसली शिकलीत बघ," बाई हळू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती होती आणि कौतुकही होतं. मग त्यांनी थाळी किंचित फिरवली. काठाजवळच्या एका चकतीभोवती रिकामं कडं होतं. मोठं नव्हे, पण स्वच्छ.

त्या औषधाचं नाव मी लिहीत नाही. बाईंचीच तशी ताकीद होती. "नाव छापलंस तर सकाळी माधवनगरच्या दुकानात रांग लागेल," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच आहे.

औषध बदललं. बाई एरवी वॉर्डात फिरकत नसत. त्या दिवशी जिना चढून वर आल्या, ईश्वरीच्या उशाशी बसल्या आणि झोपलेल्या पोरीला म्हणाल्या, "तुझ्यातली मंडळी लय हुशार आहेत बाळ. पण एक डाव त्यांना यायचा राहिलाय." दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरणीला लागला. त्यानंतरच्या सकाळी ईश्वरीने पाणी मागितलं, आणि सुभेदार व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

माझ्या लेखी गोष्ट इथे संपली होती. पोरगी वाचली होती, मला दवाखाना होता. बाईंनी विचारलं, "पण तिच्या पोटात गेलं कुठनं?" आणि पुढच्याच आठवड्यात त्या बर्फाची पेटी स्कूटरवर पायाशी ठेवून रहिमतपूरला आल्या, स्कूटर माझ्या दारात लावली आणि माझ्या गाडीत बसल्या.

तालमीत आणखी तीन-चार पोरांची पोटं बिघडून गेली होती, म्हणून आम्ही आधी तिथे गेलो. सकाळची मेहनत झाली होती. लाल मातीने माखलेली पोरं रांगेत बसली होती आणि वस्ताद प्रत्येकाच्या पेल्यात दूध ओतून वर कच्चं अंडं फोडत होते. पोरं नाक दाबून एका दमात पीत होती. ही त्या तालमीची जुनी रीत. अंडी सुभेदारांच्या शेडमधली, रोज फुकट. गावातली पोरं तयार व्हावीत म्हणून ते ट्रे पाठवायचे, आणि नातीच्या पेल्यात ईर्ष्येने दोन घालायला लावायचे.

बाईंनी अंडी पेटीत घेतली आणि वस्तादांना म्हणाल्या, "कच्ची देऊ नका. शिजवून द्या."

वस्तादांनी त्यांचं आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि पोरांकडे बघून हसले. "आवं बाई, तुमी जैन. तुमाला अंडं म्हंजे पाप. आता आमच्या पोरांचं बी बंद करायला आलायसा व्हय?"

सगळी तालीम हसली. मला वाटलं, आता बाई त्यांच्या पद्धतीने एखादा टोला देतील आणि काम बिघडेल. त्यांना आयुष्यभर हेच ऐकावं लागलं होतं. अंड्यातल्या, मटणातल्या जंतूंबद्दल बोलायला उभ्या राहिल्या, की लोकांना प्रवचन ऐकू यायचं.

"बंद कोण म्हणतंय?" बाई म्हणाल्या. "एकाची दोन खाऊ देत की. उकडून."

"उकडलं की ताकद जाती त्यातली."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात दूध तापवायची शेगडी होती. त्यांनी पदर खोचला, पातेल्यात पाणी घेतलं आणि अंडी त्यात सोडली. कुठल्या उष्णतेला कुठला जंतू मरतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण अंडं शिजवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. उकडलेली अंडी बाहेर काढल्यावर त्या सोलायला बसल्या आणि सगळी फजिती झाली. बोटं भाजली. टरफलाबरोबर निम्मं पांढरंही निघून आलं. एक पोरगं पुढे सरकून म्हणालं, "आवं, आदी गार पाण्यात टाकायचं असतंय." मग दुसरं आलं. थोड्या वेळाने बाई मातीने भरलेल्या पोरांच्या घोळक्यात बसून अंडी सोलत होत्या आणि पोरं त्यांना शिकवत होती.

वस्ताद हाताची घडी घालून बघत होते. बाईंनी एक धड सोललेलं अंडं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, बराच वेळ हातात ठेवलं.

"मीठ आण रं कुणीतरी," ते म्हणाले. खाऊन झाल्यावर माझ्याकडे वळले. "आता काय बोलायचं, डॉक्टर? त्यांच्यात अंड्याला शिवत बी न्हाईत, आन् बाईमाणसानं आमच्यासाठी हात भाजून घेतलं. आता कच्ची दिली तर लोक तोंडात शेण घालतील माज्या."

त्या दिवसापासून त्या तालमीत अंडी उकडूनच मिळायला लागली. मी कित्येक भाषणं दिली असती तरी हे झालं नसतं, याची मला खात्री आहे.

शेडमधल्या अंड्यांत नि पाण्यात तीच मंडळी निघाली. त्याच चकत्यांना न जुमानणारी, त्याच एका चकतीला घाबरणारी. आता हे सुभेदारांना सांगायचं होतं, आणि मी ते टाळायच्या बेतात होतो. पोरगी बरी झालीय, म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं? बाईंनी दोन सीलबंद थाळ्या घेतल्या, त्यांच्या घरी जाऊन ओसरीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक ईश्वरीच्या रक्ताची, दुसरी अंड्याची.

सुभेदारांनी वाकून पाहिलं. फौजी नजर होती, वेळ लागला नाही. "एकच हायत ह्या दोनी."

"एकच. हवा बदलली की कोंबड्यांच्या पाण्यात औषध घालता ना तुम्ही?"

"घालतो की. आजारी पडू न्हाईत म्हणून. दुकानदार सांगतो, सगळेच घालत्यात." अशा थोड्या थोड्या औषधावरच मंडळी शिकतात, असं बाई म्हणाल्या, तसा त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हंजे ती तितं शिकली. आन् मी सोताच्या हातानं पोरीला पाजली."

मी काहीतरी मऊ बोलणार होतो. बाई म्हणाल्या, "होय. तुम्हीच." मग थाळ्या उचलत म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता आहे."

सुभेदार उठले आणि घरातून औषधांची पाकिटं आणून त्यांनी बाईंच्या पायाशी ठेवली. त्यानंतर शेडचा कारभार बदलला. दारात चुन्याचा पट्टा, पाण्याच्या नळ्या नियमाने धुतलेल्या, शेडमध्ये जायची चप्पल वेगळी. पाण्यात औषध नाही. माणूस इतका कडक, की पाहुण्यांना शेड दाखवायचंही त्यांनी बंद केलं.

पुढचा हिवाळा आला आणि कोंबड्या आजारी पडल्या.

सुभेदारांचा फोन बाईंना गेला, तसा मलाही आला. आम्ही पोचलो तेव्हा जनावरांचे डॉक्टर मेलेली कोंबडी उघडून बघत होते. त्यांच्याकडे एक जुनं औषध होतं. ते म्हणाले, रोग जंतूंचा आहे, या औषधाने ज्या फार खचल्या नाहीत त्या वाचतील, बाकीच्या जातील. तेवढ्यात कोंबड्यांची औषधं विकणाऱ्या दुकानदाराने एक नवं पाकीट पाठवून दिलं. त्याचा निरोप असा, की ह्यानं सगळ्या उठतील. जनावरांच्या डॉक्टरांनी पाकीट पाहिलं आणि बाईंच्याकडे दिलं.

बाईंनी चष्मा उतरवून डोळ्यांवर घेतला आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली. शेडमधून कोंबड्यांचा घरघर आवाज येत होता.

"सुभेदार, ईश्वरीला ज्यानं वाचवलं, त्याचा हा सख्खा भाऊ आहे," त्या म्हणाल्या. "हे पाण्यात गेलं की मंडळी हाही डाव शिकतील. मग पुढच्या पोराला द्यायला माझ्या थाळीत काही उरणार नाही. हे देऊ नका."

"न्हाई दिलं तर मरतील."

"पुष्कळ मरतील."

सुभेदारांचा आवाज चढला. तो मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "आवं, जीव न्हाई का त्यांना? तडफडायला लागल्यात तितं! तुमी जैन असून आसं सांगताय?"

मी बाईंच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

"जीव आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बोलायला जड जातंय मला. तरी सांगतो. देऊ नका."

ईश्वरी तालमीतून आली होती. मातीने भरलेल्या पायांनी पायरीवर बसून ती आमच्याकडे बघत होती. सुभेदार तिच्याकडे पाहत उभे राहिले. पाकीट त्यांनी बाईंच्या हातातून परत मागितलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना म्हणाले, "तुमचं ते जुनं द्या. जगतील तेवढ्या जगतील."

त्या दिवशी बाई सांगलीला परत गेल्या नाहीत. शेडच्या दाराशी एका उलट्या बादलीवर बसून राहिल्या. काही कोंबड्या दुपारनंतर पाण्यापाशी जायला लागल्या, आणि पुष्कळ गेल्या नाहीत. मी नास्तिक माणूस आहे, कुणाच्या पाया पडत नाही. पण त्या बादलीवर बसलेल्या बाईकडे बघताना मला वाटलं, हिच्यापुढे वाकावं. आयुष्यभर मुंगी चुकवून पाऊल टाकणाऱ्या माणसाने एवढं मरण 'होऊ दे' म्हणून अंगावर घेतलं होतं, का, तर कुठल्यातरी गावातल्या, अजून आजारीही न पडलेल्या पोरासाठी.

त्यानंतर मी बाईंना पाहिलं नाही. फोन होत राहिले, आणि उन्हाळ्यात एका सकाळी त्या झोपेतच गेल्याचं कळलं. त्यामुळे मला दिसतात त्या त्याच संध्याकाळच्या.

मेलेल्या कोंबड्या पुरायला मागे खोल खड्डा घेतला होता. सुभेदार निघाले, तशा बाई उठल्या. तोंडावर कापड बांधलं, हातमोजे चढवले, त्यांनाही चढवायला लावले आणि शेडमध्ये शिरल्या.

"तुमी कशाला, मॅडम?" सुभेदार कळवळून म्हणाले. "तुमच्यात चालत न्हाई. आमी हाय की."

"देऊ नका म्हणणारी मी," बाई म्हणाल्या. "मग उचलायला दुसऱ्यांनी का यायचं?"

आपल्याकडे मेलेली कोंबडी पाय धरून, मान लोंबती ठेवून नेतात. बाईंनी तसं केलं नाही. वाकून एकेक उचलली, पोटाखाली हात घालून, मान कोपरावर टेकवून, आणि तशी उराशी धरून त्या खड्ड्याकडे नेत राहिल्या. थोड्या वेळाने सुभेदारांनीही हातातली, पायांना धरलेली कोंबड्यांची जुडी खाली ठेवली, आणि ते एकेक उचलायला लागले.